रहिवासी अनुपस्थित

१२ फेब्रुवारी

वहिनी, नमस्कार.

हे पत्र कौटुंबिक नाही, हे आरंभीच स्पष्ट करतो. आपल्या घराच्या दुरुस्तीसंबंधी नगरपालिकेच्या दप्तरात एक विसंगती आढळली असून तिची शहानिशा करणे एवढाच या पत्राचा हेतू आहे.

आपण इमारत क्रमांक नऊ, तिसरा मजला, खोली चौतीस येथे राहता. न्हाणीघराच्या छतातून पाणी गळत असल्याची आपली तक्रार चौदा महिन्यांपूर्वी नोंदवली गेली. त्यानंतर कंत्राटदाराचा प्लंबर आपल्याकडे नऊ वेळा आला आणि नऊही वेळा त्याने ‘रहिवासी अनुपस्थित’ अशी नोंद केली. अशा तीन नोंदी झाल्या की तक्रार आपोआप बंद होते. आपण ती पुन्हा नोंदवलीत, ती पुन्हा बंद झाली. असे तीनदा घडले. सध्या दप्तरात आपले छत कोरडे आहे.

हा विषय माझ्याकडे येण्याचे कारण असे. नगरपालिकेच्या घरांच्या दुरुस्तीचे कंत्राट जूनमध्ये संपते. निविदेतील अटीप्रमाणे, कंत्राटदाराने नव्वद टक्क्यांहून अधिक तक्रारी पूर्ण केल्या असतील तर नवी निविदा न काढता त्याला आणखी तीन वर्षे मुदतवाढ देता येते. या कंत्राटदाराचा गेल्या चौदा महिन्यांचा आकडा शहाण्णव टक्के आहे. मुदतवाढीची फाईल तयार करणे हे माझे काम. ती करताना यादीत आपली खोली सहज नजरेस पडली.

कृपया दोन प्रश्नांची उत्तरे सोबतच्या कोऱ्या कागदावर द्यावीत. (एक) जोडपत्रातील नऊ तारखांना सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात आपण घरी होता काय? (दोन) नसल्यास, कोठे होता?

परतीचे पाकीट सोबत आहे. त्यावर तिकीट लावले आहे.

प्रकृती ठीक असेल.

आपला,
उपप्रमुख, खरेदी व निविदा विभाग


२१ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचे उत्तर पोचले. कोरा कागद तुम्ही कोराच परत पाठवलात आणि मजकूर माझ्याच पत्राच्या पाठीमागे लिहिलात. फाईलला लावण्यासाठी तो मला उतरवून घ्यावा लागला, तो असा:

“भाऊजी, एक. घरीच होते. दोन. गुडघे गेल्यापासून मी फार लांब गेले तर न्हाणीघरापर्यंत जाते, तेही छत्री घेऊन. घंटा वाजते. मी शिलाईच्या मशीनवरून उठते. भिंत धरत दारापाशी येते, कडी काढते, तर जिन्यात पाठ दिसते. हाक मारली तर पाठ वळत नाही. आता मेणकापड बांधलंय छताखाली, पाणी घरंगळून बादलीत जातं, दीड दिवसात ती भरते. तुमचे दादा असते तर हसले असते. आणि पुन्हा टंकलेखन? ते गेले तेव्हाचं सांत्वनाचं पत्रसुद्धा तुम्ही टंकून पाठवलं होतं. ते मी परत केलं, त्याला पाच वर्षं झाली, अजून अक्कल नाही. खाली सहीसुद्धा पदाची. माझ्या घरात पदं राहत नाहीत, माणसं राहतात.”

सबब हे पत्र हाताने लिहितो आहे. सवय सुटल्याने अक्षर बिघडले आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

मागील पत्रातील एक विधान अचूक नव्हते. तुमची खोली यादीत ‘सहज’ नजरेस पडली नाही. यादी दर महिन्याच्या पाच तारखेला माझ्या टेबलावर येते आणि मी प्रथम चौतीस क्रमांक पाहतो. हे कंत्राट सुरू झाल्यापासून, म्हणजे तीन वर्षे, पाहतो आहे. तुमची खुशाली कळण्याचा दुसरा मार्ग मला उरला नव्हता. ‘अनुपस्थित’ असे वाचले की मला बरे वाटे. वाटे, वहिनी बाहेर पडल्या. कुणाकडे गेल्या असतील, बाजारात गेल्या असतील, गुडघे सुधारले असतील. नऊ वेळा मला असे बरे वाटले आहे.

प्लंबर का थांबत नाही, याचा खुलासा करतो. कंत्राटातील कलम एकोणीसप्रमाणे त्याने दोनदा घंटा वाजवायची आणि तीन मिनिटे थांबायचे. दार उघडले नाही तर ‘अनुपस्थित’ अशी नोंद करायची. आणि ती भेट पूर्ण समजली जाते. हे कलम निविदा समितीने मंजूर केलेले आहे.

तुम्हाला दारापाशी यायला किती वेळ लागतो? मोजून कळवल्यास उपयोग होईल.

तुमचा धाकटा दीर


५ मार्च

वहिनी,

“चार मिनिटं. मशीनवर कापड अडकलेलं असेल तर पाच. तुमच्यासाठी मोजलं नाही, मलाच बघायचं होतं,” हा तुमचा मजकूर फाईलला जोडला आहे.

नियमाप्रमाणे माझ्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याने वर्षातून एकदा कंत्राटदाराच्या माणसाबरोबर फेरी करायची असते. गेल्या तीन वर्षांत अशा तीन फेऱ्या मी केल्याची नोंद आहे. त्या तिन्ही मी टेबलावर बसून केल्या. काल प्रथमच प्रत्यक्ष गेलो.

प्लंबर चाळिशीचा आहे. हात चांगला आहे, हे मला कळण्याइतपत दादाबरोबर मी वावरलो आहे. त्याच्याकडे कंपनीचा फोन असतो. घंटा वाजवली की त्यावरचे बटण दाबायचे; तीन मिनिटांचे आकडे उलटे पळू लागतात आणि शून्यावर आले की ते काम फोनवरून नाहीसे होऊन पुढचा पत्ता येतो.

“आणि तुम्ही थांबलात तर?” मी विचारले.

“कुठे नोंदवू? काम तर गेलं ना फोनवरनं. नळ दुरुस्त केला तरी तो झालाच नाही.”

“कंपनीला सांगितलं नाहीत?”

“सांगितलं. म्हणाले, नगरपालिकेनं लिहून दिलंय. साहेब, दिवसाला चौदा घरं असतात. एका ठिकाणी रेंगाळलो की चौदाव्या घरची बाई माझी आई-बहीण काढते. तुमची नाही काढत.”

इमारत क्रमांक सहामध्ये चौथ्या मजल्यावर एका निवृत्त मास्तरांचे घर आहे. घंटा वाजवली. आतून आवाज आला, “आलो, आलो! पळू नका!” आणि पाठोपाठ चालण्याच्या चौकटीची (वॉकरची) ठकठक. फोन शून्यावर आला. प्लंबरने माझ्याकडे पाहिले. मी थांबायला सांगितले. चार मिनिटे वीस सेकंदांनी दार उघडले.

“अरे वा!” मास्तर म्हणाले. “आज जिन्याऐवजी माणसाला नमस्कार करायला मिळाला. आणि हे कोण? साहेब? म्हणजे तीन मिनिटंवाले तुम्हीच?”

मी हो म्हणालो.

“शाळेत मुलाला उत्तर आठवायलासुद्धा मी याच्याहून जास्त वेळ द्यायचो. पूर्वी नगरपालिकेचा स्वतःचा प्लंबर होता. तो घंटा वाजवायचाच नाही. खाली अंगणात उभा राहून बोंब ठोकायचा, ‘मास्तऽर, पाना घेऊन निघालोय, तुम्हीपण निघा!’ मग तो चार जिने चढायचा आणि मी ही एक खोली ओलांडायचो. दोघं एकदमच दाराशी. कधीकधी मीच जिंकायचो, मग त्याला चहा नाही.” ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, “त्याचं खातंच बंद केलं. त्याला एक भाऊ होता म्हणे, तुमच्याच ऑफिसात.”

मी ‘असेल’ असे म्हणालो. हे तुम्हाला कळवणे आवश्यक वाटते.

प्लंबरने नळ दुरुस्त केला. दप्तरी तो अजून गळतो आहे.

परतताना तुमच्या इमारतीच्या अंगणातून गेलो. खिडकीत मशीन दिसले, तुमचा डावा खांदा दिसला. वर आलो नाही. नातेवाइकाच्या घराची तपासणी अधिकाऱ्याने करू नये, असा नियम आहे. हे कारण खरे आहे, पुरेसे नाही.

धाकटा


१६ मार्च

वहिनी,

आज तुमच्याकडे एक निर्णय मागायचा आहे. त्याआधी काही गोष्टी दुरुस्त करून घेतो.

कलम एकोणीस समितीने मंजूर केले, असे मी लिहिले होते. मंजूर समितीने केले, लिहिले मी. आधीचा कंत्राटदार रहिवाशाची वाट पाहिल्याचे तास लावत असे. एका नळाच्या चकतीसाठी त्याचा माणूस चार तास दारात उभा राहिल्याची नोंद होती. लेखापरीक्षकाने आक्षेप घेतला आणि थांबण्याला मर्यादा घालण्याचे काम माझ्याकडे आले. किती वेळ थांबणे वाजवी? अंदाजाने काही लिहिणे मला जमत नाही, हे तुम्ही जाणता. म्हणून एका रविवारी मी स्वतःच्या दाराबाहेर उभा राहून घंटा वाजवली आणि घड्याळ लावले. तुमच्या जाऊबाईंनी चाळीस सेकंदांत दार उघडले.

“किल्ली विसरलात?”

“नाही. मोजतोय.”

“मला?”

“दार उघडायला लागणारा वेळ.”

“मग पुन्हा बाहेर जा, आणि आलाच आहात बाहेर तर साबण घेऊन या.”

चाळीस सेकंदांना मी चारने गुणले आणि वर वीस सेकंदांची सूट दिली. तीन मिनिटे अशी आली. आमचे घर तळमजल्यावर आहे, दोघांचेही पाय धड आहेत, हे गणितात कोठेच नव्हते. उलट आपण फार उदार कलम लिहिले, या समाधानात मी त्या दिवशी दुपारी झोपलो.

दुसरी गोष्ट. अनुपस्थितीची भेट ‘पूर्ण’ समजावी, हे वाक्यही माझेच. प्लंबरची फेरी फुकट जाऊ नये, एवढाच हेतू होता. परिणाम असा झाला की एक हजार आठशे चाळीस तक्रारींपैकी सहाशे चव्वेचाळीस केवळ घंटा वाजवून पूर्ण झाल्या. त्यांतल्या पन्नास रहिवाशांना मी स्वतः दूरध्वनी केला. त्रेचाळीस जण त्या दिवशी घरी होते. सर्व अनुपस्थिती वगळल्या तर कंत्राटदाराचा आकडा शहाण्णव नव्हे, एकसष्ट होतो.

हे मी विभागप्रमुख मॅडमच्या टेबलावर ठेवले. त्यांनी चष्मा काढला.

“तुम्ही बी.कॉम. ना? मग शहाण्णवचे एकसष्ट कसे झाले?”

“प्रश्न बदलला, मॅडम. आधीचा प्रश्न, भेट झाली का, असा होता. मी विचारलं, काम झालं का.”

“अहो, पण कंत्राटात पहिलाच प्रश्न आहे ना? आणि तो तुम्हीच घातलाय. आता समितीपुढे उभं राहून काय सांगणार, की मी चुकलो? तीन महिन्यांनी मी निवृत्त होते. या खुर्चीसाठी तुमचंच नाव त्याच बैठकीत जाणार आहे.” मग त्या मायेने म्हणाल्या, “तुमच्या वहिनी नऊ नंबरमध्येच राहतात ना? मी कंत्राटदाराला एक फोन करते. दुपारी चारच्या आत छत कोरडं. फाईल जाऊ द्या वर.”

त्या वाईट नाहीत. मला खरोखर मदत करावी, असेच त्यांना वाटत होते.

मी सोमवारपर्यंतची मुदत मागून घेतली. म्हणून हे पत्र.

दोन मार्ग आहेत. फोन झाला तर तुमचे छत दुरुस्त होईल, मुदतवाढ होईल, आणि उरलेली सहाशे त्रेचाळीस घरे आणखी तीन वर्षे तशीच राहतील. मी टिपणी लिहिली आणि मुदतवाढ नाकारली गेली, तर नव्या निविदेला किमान पाच महिने लागतील. तोवर केवळ तातडीची कामे होतील. गळतीची बादली चोवीस तासांत भरली तर ते काम तातडीचे ठरते. तुम्ही लिहिल्याप्रमाणे तुमची बादली दीड दिवसात भरते. ही व्याख्याही माझीच आहे. म्हणजे माझ्या टिपणीची शिक्षा प्रथम तुम्हाला होईल. तुमच्या डोक्यावरचे प्लास्टर किती ओले आहे, हे मला ठाऊक नाही.

एकदा मी असा निर्णय घरातल्या माणसाला न विचारता घेतला आहे. आठ वर्षांपूर्वी दुरुस्ती खाते बंद करून सगळे कंत्राटावर द्यावे, अशी टिपणी गेली आणि दादासकट एकेचाळीस माणसे इकडेतिकडे पांगली. “कुणी लिहिली रे ती?” असे दादाने मला, मी त्याच्या शेजारी जेवायला बसलेलो असताना, विचारले. मी म्हणालो, “वरून आली.” ती मी लिहिली होती. तुमच्या हातचा भात मी तिसऱ्यांदा घेतला होता आणि मी ते म्हणालो.

मॅडमना सोमवारपर्यंत उत्तर द्यायचे आहे. तुमच्या जाऊबाई हे पत्र घेऊन येतील आणि उत्तर मिळेपर्यंत बसतील.

धाकटा


१९ मार्च

वहिनी,

तुमचे पत्र मी तीनदा वाचले. ते फाईलला जोडलेले नाही. तुम्ही लिहिता:

“भाऊजी, बादली दीड दिवसात भरते म्हणून मी तातडीची नाही. बरं. आता ऐका. माझ्या मजल्यावर चार दारं आहेत. जाऊबाई आल्यात तर त्यांनाच तिन्ही दारी पाठवून विचारून घेतलं. माझं धरून तीन दारांना तुमचं ‘अनुपस्थित’ आहे. चौथ्या दारातले आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले, खोलीला कुलूप आहे, आणि तिथलं काम मात्र ‘पूर्ण’ झालंय म्हणून दारावर चिठ्ठी चिकटवलीय. म्हणजे या मजल्यावर तुमच्या प्लंबरला दार उघडलं ते फक्त मेलेल्या माणसानं. माझ्या वरची बाई डोळ्यांनी अधू आहे. तिच्या न्हाणीतला सांधा सुटलाय, म्हणून माझ्याकडे गळतं. माझं छत चारच्या आत कोरडं करायचं तर तिचं दार वाजवावं लागेल, आणि तिला सहा मिनिटं लागतात. तेव्हा तुमच्या मॅडमना म्हणावं, फोन ठेवा खाली. पण भाऊजी, हे माझ्या मोठेपणाच्या खात्यात घालून टिपणीत माझं नाव मिरवू नका. मला मोठेपणा नको, छत हवंय. उशिरानं चालेल, पण हवंय.

“आणि भाताचं म्हणता, तर यांना माहीत होतं. ऑर्डर हातात पडली त्या दिवशी वाचली आणि म्हणाले, ‘इतकं नेटकं आपल्या धाकट्याशिवाय कुणी लिहीत नाही.’ मी म्हटलं, जाऊन विचारा. म्हणाले, ‘विचारलं. आता तोच सांगेल तोंडानं, वाट बघू.’ तीन वर्षं वाट बघितली त्यांनी. नंतर तुमचा विषय निघाला की पाना घेऊन घरातलाच कुठलातरी चांगला नळ आवळत बसायचे. खातं बंद केलंत म्हणून मी तुमच्याशी बोलणं टाकलं नाही. खाती काय, उघडतात नि बंद होतात. तुम्ही नंतर येऊन त्यांना सांगितलं नाहीत, म्हणून टाकलं.”

 सांगण्याची मुदत संपून पाच वर्षे झाली, एवढेच मी जाणतो.

टिपणी काल रात्रीच तयार होती. आज सकाळी दिली. पहिल्या परिच्छेदात, कलम एकोणीस मीच लिहिले असून ते दोषपूर्ण आहे, असे नमूद केले आहे. दुसऱ्यात, माझ्या नात्यातील एक व्यक्ती बाधित रहिवाशांपैकी आहे, असे. तुमचे नाव घातलेले नाही. कुलूपबंद खोलीची नोंद तपासली. ती तुम्ही म्हणता तशीच आहे. तीही जोडली.

मॅडम म्हणाल्या, “कमाल आहे तुमची. स्वतःच्या हातानं?” मी म्हणालो, “टंकलिखित आहे, मॅडम.” त्या हसल्या नाहीत. माझाही तो विनोद नव्हता.

धाकटा


९ एप्रिल

वहिनी,

बैठक झाली. निकाल कळवतो.

समितीत अकरा सदस्य होते. टिपणी मलाच वाचायला लावली. एका सदस्याने मध्येच थांबवून विचारले, “म्हणजे गावात एकानंही दार उघडलं नाही तर काम शंभर टक्के?”

“कलमाप्रमाणे, होय.”

सभागृहात हशा पिकला. मग ते म्हणाले, “आणि हे कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं?” मॅडमनी माझ्याकडे पाहिले नाही, ही त्यांची सभ्यता. मी आधीच उभा होतो, त्यामुळे हात वर केला.

“तीन वर्षं काय करत होतात मग?”

“आकडे तपासत होतो. ते बरोबर होते.”

या वेळी कुणी हसले नाही.

सहा विरुद्ध पाच मतांनी मुदतवाढ नाकारली गेली. नवी निविदा निघेल. ‘पूर्ण’ याचा अर्थ काम झाल्याची रहिवाशाची सही, असा राहील. आणि दारात थांबण्याची वेळ पंधरा मिनिटे. नव्या अटींचा मसुदा मी करून द्यायचा आहे. त्यावर सही दुसऱ्याची असेल, कारण नात्याच्या कारणास्तव हा विषय माझ्याकडून काढून घेतला आहे. ते योग्यच आहे. विभागप्रमुखपदासाठी लेखा विभागातील एका गृहस्थांचे नाव गेले. तेही बहुधा योग्यच असेल. त्यांचे अक्षर माझ्याहून वाईट, पण ते माणसांत मिसळतात.

एक गोष्ट अपेक्षेबाहेर घडली. ती सहाशे चव्वेचाळीस कामे नव्या निविदेपर्यंत थांबवू नयेत, असे समितीने ठरवले. जुन्या दुरुस्ती खात्यातील चार माणसे अजून नोकरीत आहेत. दोघे मीटर वाचतात, दोघे उद्यानात पाणी घालतात. त्यांच्या दोन जोड्या करून ही कामे तक्रारीच्या तारखेप्रमाणे, क्रमाने करून घ्यायची आहेत. एक जोडी दिवसाला दोन घरे करील. तुमचा क्रमांक एकशे अठ्ठ्याऐंशी आहे. वरच्या बाईंचा एकशे सत्याऐंशी. जूनचा शेवटचा आठवडा धरून चालावे.

क्रम मीच लावला. तो वीस तारखेला सुरू होईल. तुमचा क्रमांक पुढे सरकवता आला असता.

धाकटा


१९ जून

वहिनी,

मे महिन्यात न्हाणीघराचे प्लास्टर पडले, हे तुम्ही मला नाही, जाऊबाईंना कळवलेत: “मी मशीनवर होते. मला काही झालं नाही. बादली गेली.” ती बातमी आली तेव्हा माझा हात फोनवर होता. त्या चार माणसांपैकी एकाला मी ओळखतो. दादाच्या हाताखाली होता. एक शब्द टाकला असता तर तो त्याच संध्याकाळी आला असता. मी फोन केला नाही. तुमच्या पुढे तेव्हा त्र्याण्णव घरे होती. तुम्ही त्या वेळी न्हाणीघरात असता तर, हा प्रश्न मी रोज स्वतःला विचारतो. मी केले ते बरोबर की चूक, हे मला आजही ठरवता आलेले नाही, आणि न ठरलेली गोष्ट बाळगायची मला सवय नाही.

मी पाठवलेल्या बादलीबद्दल तुमचा अभिप्राय मिळाला: “मोठी आहे. आता भरायला दोन दिवस लागतात. म्हणजे तुमच्या हिशेबात मी आणखीच सुखी झाले.” व्याख्या बदलण्याची सूचना मसुद्यात घातली आहे. पाणी किती पडते ते मोजावे. भांडे कुणाचे किती मोठे, हे नव्हे.

आता तुमच्या कालच्या पत्राविषयी. त्यात दोनच ओळी आहेत: “चोवीस तारखेला सकाळी दहाला माणसं येणार असा निरोप आलाय. घरात दार उघडायला कुणी असेल तर बरं.”

~~नव्या आदेशानुसार माणसे दारात पंधरा मिनिटे थांबतात व तुम्हाला चार ते पाच मिनिटे पुरतात, तेव्हा दार उघडण्यासाठी वेगळ्या माणसाची~~

वरचे वाक्य खोडले आहे. कागद बदलून पत्र पुन्हा लिहिता आले असते. पण तुम्हाला खाडाखोडीचे पत्र माझ्याकडून कधी आले नाही, तेव्हा असू द्यावे.

चोवीस तारखेला मी साडेनऊला येतो. जाऊबाईंनाही यायचे होते, त्या म्हणाल्या, “या वेळी तुम्ही एकटेच जा. मी नंतर जाईन.” दादाला जे सांगायचे राहिले ते तुमच्यासमोर बसून सांगावे, असा विचार आहे. पत्रात ते लिहून झाले आहे, हे मान्य. परंतु त्याने तोंडाने सांगण्याची वाट पाहिली होती. तुम्हाला ऐकायचे नसेल तर मी नुसते दार उघडीन.

आज दुपारी रजेचा अर्ज दिला. बावीस वर्षांत मी आजारपणाखेरीज रजा घेतलेली नाही, त्यामुळे कारकुनाने तो दोनदा वाचला. “साहेब, कारणाचा रकाना कोराच राहिलाय,” म्हणाला. मी अर्ज परत घेतला, आणि त्या रकान्यात ‘वहिनींकडे’ असे लिहून दिले.

धाकटा